'नास्तिक' या संज्ञेची व्याख्या : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
ईश्वराचे अस्तित्व न मानणारा तो नास्तिक, असा अर्थ आज सर्वसाधारणपणे घेतला जातो. तथापि भारतीय परंपरेत या संज्ञेचा निकष एकच राहिलेला नाही. हा भेद दुर्लक्षिल्यास प्राचीन दर्शनांचे आणि आधुनिक विचारवंतांचेही मूल्यमापन सदोष ठरते.

प्राचीन निकष :
पाणिनीने 'अष्टाध्यायी'त 'आहे' व 'नाही' अशा मतांवरून आस्तिक आणि नास्तिक हे शब्द सिद्ध केले. काय आहे, हे मूळ सूत्र सांगत नाही. 'काशिका' वृत्तीने तेथे परलोक अभिप्रेत मानला. मनुस्मृतीने मात्र वेदनिंदकास नास्तिक ठरविले. ईश्वर हा निकष या दोहोंपैकी कोठेही नाही.

याचे परिणाम लक्षणीय आहेत. जैन व बौद्ध पुनर्जन्म आणि कर्मफल मानतात. म्हणून पहिल्या निकषाने ते आस्तिक, तर वेदप्रामाण्य नाकारल्यामुळे दुसऱ्या निकषाने नास्तिक ठरतात. याउलट मीमांसक कुमारिल भट्टांनी 'श्लोकवार्तिका'त जगत्कर्त्या ईश्वराचे खंडन केले. तरीही मीमांसेची गणना आस्तिक दर्शनांतच होते. केवळ चार्वाक दोन्ही निकषांवर नास्तिक ठरतात. सारांश, 'आस्तिक दर्शन' म्हणजे ईश्वरवादी दर्शन नव्हे.

आधुनिक वळण :
एकोणिसाव्या शतकातील वादांत ईश्वर हाच प्रधान निकष झाला. मात्र तेथेही नकाराचे स्वरूप एकसारखे नव्हते. १८६९ मध्ये थॉमस हक्सले यांनी अज्ञेयवादासाठी स्वतंत्र शब्द योजला. चार्ल्स ब्रॅडलॉ स्वतःस नास्तिक म्हणवीत. परंतु ईश्वर नाही असे सिद्ध केल्याचा त्यांचा दावा नव्हता. 'ईश्वर' या शब्दाचा सुस्पष्ट अर्थच सांगितला जात नाही, हा त्यांचा आक्षेप होता. १८८० मध्ये ते ब्रिटिश संसदेवर निवडून आले, परंतु शपथेच्या वादामुळे १८८६ पर्यंत त्यांना निर्वेधपणे आसन मिळाले नाही. व्याख्येचा प्रश्न असा थेट नागरी हक्काशी भिडला. १८८८ मध्ये पुण्यात 'सुधारक' सुरू करणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांनाही सनातन्यांनी नास्तिक ठरविले. वस्तुतः त्यांची भूमिका अज्ञेयवादाच्या अधिक जवळची होती.

भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथ अथवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, असे दोन्ही पर्याय आहेत. आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा व्यक्तीचा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केला. तथापि निधर्मी असणे आणि ईश्वर नाकारणे या दोन भिन्न बाबी आहेत.

निष्कर्ष :
नास्तिकतेची एकच कालातीत व्याख्या संभवत नाही. म्हणून ही संज्ञा वापरताना परलोक, वेदप्रामाण्य व ईश्वर यांपैकी कशाचा नकार अभिप्रेत आहे, हे स्पष्ट करणे आवश्यक ठरते. तसेच ती व्यक्तीने स्वतः स्वीकारली की विरोधकांनी तिच्यावर लादली, हेही तपासले पाहिजे. दूषण म्हणून लादलेली संज्ञा पुरावा मानल्यास इतिहासलेखनात विरोधकांचाच निवाडा कायम होतो.