पीण्या औद्योगिक क्षेत्र : विषविज्ञानीय अध्ययन

कर्नाटकातील बंगळूर शहराच्या वायव्येस तुमकूर रस्त्यालगत, विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात आकारास आलेली लघुउद्योगांची विस्तीर्ण वसाहत. यंत्रभाग, विद्युत्साहित्य व तयार कपडे यांच्या कारखान्यांबरोबरच धातूंवर मुलामा चढविणारे अनेक छोटे कारखाने येथे एकवटले असून, त्यांच्या सांडपाण्याशी निगडित अशा षट्संयुजी क्रोमियमाचे भूजलातील प्रदूषण नोंदले गेल्यामुळे, पर्यावरणीय विषविज्ञान व रासायनिक जोखीम-मूल्यांकन या विद्यापीठीय विषयांस हे क्षेत्र बोधप्रद ठरते.

जोखीम-मूल्यांकनाचे चार टप्पे मानतात : धोक्याची ओळख, मात्रा व परिणाम यांचा संबंध, संपर्काचे मापन आणि जोखमीचे निरूपण. यांपैकी धोक्याच्या ओळखीत क्रोमियमाच्या रूपांतील भेद महत्त्वाचा ठरतो. त्रिसंयुजी क्रोमियम पेशीत सहजी शिरत नाही. षट्संयुजी क्रोमेट मात्र सल्फेटाशी असलेल्या रचनासाम्यामुळे त्याच्याच मार्गाने आत जाते व तेथे क्षपण होताना जनुकद्रव्यास इजा करते. कूपनलिकेतील पाण्याच्या नमुन्यात आम्ल व डायफिनाइलकार्बाझाइड मिसळले असता उमटणाऱ्या तांबूस-जांभळ्या रंगाची तीव्रता ५४० नॅनोमीटर तरंगलांबीस मोजून षट्संयुजी क्रोमियमाचे प्रमाण ठरवितात. भारतीय मानकानुसार पेयजलात एकूण क्रोमियम लिटरमागे ०·०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे.

तथापि केवळ प्रमाण कळल्याने जोखीम कळत नाही. ते पाणी कोण, किती व किती वर्षे पितो, हा तपशील जमविल्यावाचून मूल्यांकन अपुरे राहते. १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा व १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा यांच्या अंमलबजावणीसही असाच पुरावा आधारभूत ठरतो.