मैदानाची चाकरी

साष्टी बेटाच्या ज्या भागास आज आपण वाकोला आणि कलिना या नावांनी ओळखतो, तो जुन्या दफ्तरांत कोळेकल्याण या एकाच गावाच्या नावाने नोंदलेला आहे. आणि पोर्तुगिजांचा अंमल, 1737 मध्ये चिमाजी अप्पांनी ठाणे घेतल्यावर आलेली मराठी अमलदारी, 1774 मध्ये इंग्रजांनी घेतलेला कबजा, 1920 मध्ये निर्माण झालेला मुंबई उपनगर जिल्हा व 1950 मध्ये महापालिकेच्या हद्दीत झालेला समावेश, एवढी स्थित्यंतरे या गावाने आपल्या शेतांच्या बांधांवरून पाहिली. परंतु या परिसराच्या स्वभावात खरा पालट घडवून आणला तो सांताक्रूझच्या विमानतळाने. 1953 मध्ये विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले, पुढे एअर इंडियाच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहती कलिन्याच्या बाजूस उभ्या राहिल्या, त्यांच्या शेजारी क्रीडांगण आले, आणि ज्या वस्तीत ईस्ट इंडियन व गोवेकर ख्रिस्ती कुटुंबांमुळे फुटबॉलची गोडी रुजलेली होती, त्या वस्तीच्या दाराशीच हा खेळ दरमहा वेतन देणारी चाकरी होऊन आला.

या चाकरीचा इतिहास सांगण्यासारखा आहे, कारण खेळाडूचा प्रशिक्षक कसा होतो आणि समाज त्यास तसा होऊ देतो की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले आहे. हा प्रश्न ज्या देशाने उत्तम रीतीने सोडविला त्याचे नाव क्रोएशिया. या देशाची लोकसंख्या सुमारे 39 लाख. 2011 च्या जनगणनेत एकट्या मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या 93 लाखांवर भरली होती. तथापि आपल्या एका जिल्ह्याच्या निम्म्यानेही नसलेल्या या राष्ट्राने 1998 व 2022 मध्ये विश्वचषकात तिसरे आणि 2018 मध्ये दुसरे स्थान मिळविले.

भारताची व क्रोएशियन खेळाडूंची पहिली गाठ मात्र आपल्यास क्लेशकारक ठरली. 15 जुलै 1952 रोजी हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये, क्रोएशिया तेव्हा ज्याचा भाग होता त्या युगोस्लाव्हियाने भारताचा 10-1 असा पराभव केला. आपले बहुतेक खेळाडू त्या थंड हवेत अनवाणी खेळले होते, आणि त्या पराभवानंतरच आपल्याकडे बुटांचा आग्रह सुरू झाला. त्या दिवशी चार गोल करणारा ब्रँको झेबेत्स हा झाग्रेबचा. तोच झेबेत्स पुढे प्रशिक्षक झाला, 1969 मध्ये त्याने बायर्न म्युनिक संघास जर्मन लीग व जर्मन चषक अशी दोन्ही विजेतेपदे मिळवून दिली आणि 1979 मध्ये हॅम्बुर्गलाही लीगचे अजिंक्यपद दिले. पायातील कौशल्य ओसरल्यावर तेच ज्ञान बुद्धीत साठवून दुसऱ्यास द्यावयाचे, ही त्या मातीतील वहिवाट अशी जुनी आहे.

मुंबईची वहिवाट निराळी होती. 1891 मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा प्रथम गोऱ्या पलटणींची होती, आणि 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो चषक जिंकीपर्यंत एतद्देशीय संघास ते यश लाभले नव्हते. स्वातंत्र्योत्तर काळात कूपरेजचे मैदान गाजू लागले ते टाटा, कालटेक्स, मफतलाल, महिंद्र आणि एअर इंडिया अशा संस्थांच्या संघांनी. या संस्था खेळाडूस कारकुनाची वा कामगाराची जागा देत. सकाळी सराव व नंतर दफ्तर असा त्याचा दिनक्रम असे. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा, ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारा पहिला आशियाई, नेव्हिल डिसोझा हा टाटांचा खेळाडू होता. आणि उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा एकमेव गोलही त्यानेच केला.

या व्यवस्थेस आज कोणी संथ म्हणेल, कोणी सरकारी म्हणेल. परंतु तिचे एक मोठे पुण्य होते. गुडघा दुखावला तरी खेळाडूची चूल विझत नसे, आणि वय झाल्यावर तो त्याच संस्थेत राहून पुढील पिढीस शिकवू शके. बिमल घोष यांनी एअर इंडियाच्या संघाचे प्रशिक्षकपद दीर्घ काळ सांभाळले, मोठ्या धनिक संघांना न परवडणारी चिकाटी दाखवून अननुभवी मुलांतून राष्ट्रीय लीगचे खेळाडू घडविले, आणि 2022 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. गोव्याचे माजी बचावपटू डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली महिंद्र युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली. परंतु 2010 मध्ये महिंद्रचा संघ बरखास्त झाला आणि 2013 मध्ये क्लब परवान्याच्या अटी पूर्ण होत नाहीत या कारणास्तव एअर इंडियाचा संघ आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेबाहेर काढण्यात आला. परवान्याचा नियम तत्त्वतः योग्य होता. मात्र त्या एका हुकमाने शिक्षकांची जी शाळा मोडली, तिच्या जागी दुसरी शाळा उभारण्याची जबाबदारी कोणीही पत्करली नाही.

अशा रिकाम्या झालेल्या मुलुखात मे 2019 मध्ये इगोर श्टिमाट्स यांची भारताच्या राष्ट्रीय संघावर नेमणूक झाली. 6 सप्टेंबर 1967 रोजी मेटकोविच येथे जन्मलेले श्टिमाट्स हायडुक स्प्लिटच्या बचावफळीत वाढले, 1987 मध्ये युगोस्लाव्हियाच्या विश्वविजेत्या युवा संघात होते, इंग्लंडमध्ये डर्बी काउंटी व वेस्ट हॅमकडून खेळले आणि 1998 च्या क्रोएशियन संघात त्यांनी कांस्यपदक मिळविले. 2012 मध्ये त्यांना स्वदेशाच्या संघाचे प्रशिक्षकपद लाभले व पुढील वर्षी ते गेले. भारतात त्यांच्या कारकीर्दीचा उदय आशादायक होता: सप्टेंबर 2019 मध्ये दोहा येथे आशियाई विजेत्या कतारला गोलशून्य बरोबरीत रोखले, 2021 व 2023 ची सॅफ अजिंक्यपदे, भुवनेश्वरला लेबनॉनवर 2-0 असा विजय, आणि जुलै 2023 मध्ये जागतिक क्रमवारीत 99 वे स्थान ही त्याची फळे होत. परंतु 2024 च्या आरंभी आशिया चषकातील तिन्ही सामने भारताने एकही गोल न करता गमावले, मार्चमध्ये गुवाहाटीस अफगाणिस्तानने हरविले, जूनमध्ये कतारविरुद्ध मैदानाबाहेर गेलेल्या चेंडूवर वादग्रस्त गोल मान्य होऊन विश्वचषक पात्रतेचे दार मिटले, आणि 17 जून 2024 रोजी त्यांना पदमुक्त करण्यात आले.

श्टिमाट्स यांच्या उणिवांची चर्चा त्या काळात पुष्कळ झाली. माझ्या मते मूळ दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. ज्या देशात ते घडले तेथे एक राष्ट्रीय प्रशिक्षक निघण्यापूर्वी गावोगावच्या लहान संघांतून अनेक माजी खेळाडू वर्षानुवर्षे शिकवीत असतात; 2018 चे यश मिळविणारे झ्लात्को दालिच हेही वाराझदिनच्या वार्तेक्स संघात आधी खेळाडू होते आणि मग तेथेच प्रशिक्षक झाले. आपण मात्र त्या वृक्षाची एक फांदी तोडून आणली, आपल्या उघड्या खडकात रोवली आणि पाच वर्षांत फळ मागितले.

आणि तरीही मुंबईच्या जुन्या व्यवस्थेने जाता जाता आपले एक देणे दिलेच. 1977 मध्ये कुवेत येथे जन्मलेले खालिद जमील हे मधल्या फळीतील खेळाडू महिंद्र, मग एअर इंडिया, पुन्हा महिंद्र आणि शेवटी मुंबई एफ.सी. अशा मुंबईच्याच संघांतून खेळले. 1998 पासूनच्या एअर इंडियातील वर्षांत ते घोष यांच्या हाताखाली होते. 2009 मध्ये मुंबई एफ.सी.चे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले आणि तुटपुंज्या साधनांनिशी 2016 पर्यंत त्यांनी तो संघ प्रथम श्रेणीत टिकवून धरला. पुढे मिझोरामच्या ऐझॉल संघास घेऊन त्यांनी 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगला 1-1 अशी बरोबरी साधली व आय-लीगचे विजेतेपद मिळविले. ईशान्य भारतातील संघास ते प्रथमच मिळत होते. 1 ऑगस्ट 2025 रोजी त्यांची राष्ट्रीय संघावर नेमणूक झाली, तेव्हा तेरा वर्षांनी एक भारतीय त्या आसनावर बसला. आणि लगेचच मध्य आशियाई राष्ट्रांच्या स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून भारताने तिसरे स्थान घेतले. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून पराभव होऊन 2027 च्या आशिया चषकाची आशा मावळली, हेही तितकेच खरे. मोडलेली व्यवस्था एकट्या गुणी मनुष्यास एका हंगामात सांधता येत नाही, याचाच तो पुरावा होय.

अंधेरीच्या क्रीडासंकुलात 3 सप्टेंबर 2016 रोजी भारताने पोर्टो रिकोस 4-1 असे हरविले, तेव्हा मुंबईत एकसष्ट वर्षांनी आंतरराष्ट्रीय सामना होत होता, आणि उपनगरातील मुले त्यासाठी गर्दी करून आली होती. त्या मुलांस प्रेक्षागार मिळाले. शिक्षक अद्याप मिळावयाचे आहेत. वाकोला-कलिन्याच्या परिसरात विद्यापीठ आहे, शाळा आहेत, मोठमोठ्या कंपन्यांची कार्यालये आहेत. यांतील प्रत्येकाने एका निवृत्त खेळाडूस प्रशिक्षणाचा परवाना मिळविण्याचा खर्च आणि कायम वेतनाची जागा द्यावी, आणि महापालिकेने त्यास नियमित वेळेला मैदान द्यावे, एवढीच मागणी आहे; ती ज्यांच्या अधिकारात आहे त्यांनी ती पुरी करावी, आणि ज्यांच्या नाही त्यांनी आपल्या नगरसेवकाकडे व शाळेच्या व्यवस्थापनाकडे तिचा पाठपुरावा करावा.