पेनिसिलिन आणि विटाळ

धुळे-जळगावकडच्या माझ्या विद्यार्थ्यांना पेनिसिलिन कोणी शोधले असे विचारले, की फ्लेमिंगचे नाव येते. १९२८, लंडन, बशीत आलेली बुरशी. पण फ्लेमिंगला त्या बुरशीतून शुद्ध औषध काढता आले नव्हते. ते काम १९३९ नंतर ऑक्सफर्डला झाले, आणि कसे झाले ते आपण मुद्दाम वाचले पाहिजे.

युद्धाचे दिवस. बुरशी वाढवायला पसरट, उथळ भांडे लागते. नॉर्मन हीटली या संशोधकाने नाना भांडी वापरून पाहिली. सोयीचे ठरले ते रुग्णालयातील मलपात्र. पुढे त्याच धर्तीची चिनी मातीची पात्रे त्याने घडवून घेतली. त्या कामावर सहा मुली आठवड्याला दोन पौंडांवर ठेवल्या. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला औषध टोचले. साठा इतका अपुरा, की त्याची लघवी सायकलवरून प्रयोगशाळेत नेत आणि तिच्यातून पेनिसिलिन काढून त्यालाच पुन्हा देत. त्याला उतार पडला होता. पण औषध संपले आणि १५ मार्चला तो वारला.

बुरशी, मलपात्र, लघवी! आपल्याकडे ज्याने हे उचलायचे त्याने शिकायचे नाही, आणि जो शिकला त्याने याला शिवायचे नाही, अशी वाटणी धर्माने करून ठेवली होती. हात आणि डोके असे तोडल्यावर विज्ञान कोठून यावे? उतरंड तिकडेही होतीच. १९४५ चे नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना मिळाले. हीटली वगळला गेला, आणि त्या मुलींचा तर प्रश्नच आला नाही. पण मलपात्र हाती घेतले म्हणून तिथला संशोधक बाटला नाही, हा फरक लहान नव्हे.

१९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांची मदत होती. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथेच मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध मिळवले. त्या जीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरी गाव आहे.

पिंपरी-चिंचवडला आपल्या खानदेशातून गेलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. तिथल्या टाक्या कोणी धुतल्या, गाळप कोणी केले, ते कोणत्या वस्तीतून येत, हे जुन्या कामगारांच्या तोंडून लिहून घ्यायला हवे. सुट्टीत तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे काम सांगू लागलो आहे.