काळ्या मातीवरची आपली घरे

गणपती बसवण्याआधी घर झाडून-पुसून रंगवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. भिंतीत कुठे भेग असेल तर मिस्त्री पुट्टी भरतो, वरून रंगाचा हात मारतो, आणि तरीही दिसलीच तर मखर त्या भिंतीला लावले जाते. श्रावण-भाद्रपदात जमीन ओली असते, त्यामुळे भेग बहुधा मिटलेली असते. वैशाखात तीच भेग पुट्टी फोडून पुन्हा बाहेर येते. मी राज्य शासनात उपयंत्री आहे हे मंडळातल्या सर्वांना माहीत असल्याने आरतीला कुणाकडे गेलो की प्रसाद हातावर पडायच्या आत यजमान म्हणतात, "भाऊ, जरा आत येता का? एक भेग दाखवायची आहे." माझे शिक्षण पॉलिटेक्निकचे, सिव्हिलचा डिप्लोमा. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर नव्हे, हे मी प्रत्येक वेळी सांगतो आणि कुणी ते फारसे मनावर घेत नाही. म्हणून या वर्षी ते लिहूनच काढावे असे ठरवले.

इंदूर वसले आहे ते दख्खनच्या काळ्या खडकावर, म्हणजे पुण्या-साताऱ्याखाली जो आहे त्याच बेसाल्टवर. आपले पूर्वज होळकरांच्या चाकरीत माळव्यात आले तेव्हा माणसे, बोली, पीकपाणी सारे नवे होते, पण पायाखालचा खडक ओळखीचा होता. या खडकाची झीज होऊन काळी माती होते. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. फ्रान्समधल्या माँटमोरिलों गावावरून ते नाव पडले. त्याचे कण म्हणजे पत्त्यांचा जोड समजा. पत्त्यांच्या मधे पाणी शिरले की जोड फुगतो, पाणी गेले की बसतो. ओल धरून ठेवण्याच्या याच गुणामुळे माळव्यात कापूस आणि गहू पिकला. घर मात्र शेतासारखे फुगत-आकसत नाही, त्यामुळे त्याला तडा जातो. आपल्या शहरात ही माती कुठे हातभर आहे, तर कुठे दोन-तीन परस. एकाच गल्लीत फरक पडतो.

१८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले आणि वाड्यांची वस्ती वाढली. राजवाड्याचे सात मजले आपण लहानपणापासून मोजत आलो आहोत, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. लाकडाची किंमत या वास्तूने आगीत मोजली, १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्याच्या स्वारीत आणि पुन्हा १९८४ मध्ये. पण काळ्या मातीवर लाकडाचा फायदाही होता. साध्या वाड्यांत दगडी जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळया, मधे विटांची भरणी अशी रचना असे. जमीन थोडी हलली तर हा सांगाडा थोडा कलतो, सांध्यात कुरकुरतो आणि बहुधा पुन्हा जागेवर येतो. चुनाही सिमेंटसारखा ताठ नसतो, थोडी हालचाल तो सोसून घेतो. पावसाळ्यात दार चौकटीत अडकले तर सुतार येऊन रंधा मारून जाई. ते दार का अडकले, हा प्रश्न कुणी विचारत नसे, कारण दरसालचेच होते.

काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातला एक वाडा उतरवला, तेव्हा पाया पाहायला मी मुद्दाम गेलो होतो. माती संपून मुरूम लागेपर्यंत, सुमारे दीड परस खोल, काळ्या दगडाची चुन्यातली बांधणी होती. त्या गवंड्याने माँटमोरिलोनाइटचे नाव ऐकले नव्हते, पण मुरूम पाहिल्याशिवाय पहिला दगड ठेवायचा नाही हे त्याला ठाऊक होते. तरीही 'जुने ते सारे भक्कम' म्हणणाऱ्यांत मी नाही. उभे राहिलेले वाडेच आपण पाहतो. जे पडले ते, आणि गरिबांची दर पावसाळ्यानंतर लिंपावी लागणारी मातीची घरे, आपल्या आठवणीत नाहीत.

या मातीचा शास्त्रशुद्ध विचार इंदुरात झाला तो आधी शेतीसाठी. १९२४ मध्ये होळकर दरबारने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' सुरू झाली. आजचे कृषी महाविद्यालय तिथेच आहे. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांच्या कंपोस्टमुळे 'इंदूर पद्धत' हे नाव जगभर गेले. पण काळ्या जमिनीत पावसाचे जादा पाणी साचू न देता पृष्ठभागावरूनच बाहेर काढले पाहिजे, यावरही त्यांचा भर होता. घराभोवतीच्या जमिनीलाही हेच लागू पडते. शेतकऱ्याला ते कळले, घरमालकाला मात्र कुणी सांगितले नाही.

तिकडे १९२५ मध्ये कार्ल टेर्झागी यांचा मृदायांत्रिकीवरील जर्मन ग्रंथ व्हिएन्नाहून निघाला आणि पायाचे काम अंदाजावरून गणितावर आले. फुगणाऱ्या मातीचा प्रश्न अमेरिकेच्या पाटबंधारे खात्याने प्रथम १९३८ मध्ये ओरेगॉनमधील ओवायही प्रकल्पावर ओळखला, असे आमच्या विषयाच्या पुस्तकांत लिहिलेले असते. ते वाचताना मला थोडे हसू येते. आपल्या गवंड्यांची नोंद ठेवायला कुणी नव्हते, इतकेच.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे यावर मोठे काम झाले. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेत प्रा. दिनेश मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडर-रीम्ड पाइल विकसित केले. जमिनीत हाताने चालवायच्या गिरमिटाने भोक पाडायचे, तळाशी ते अडीचपट रुंद करायचे आणि त्यात सळया घालून काँक्रीट भरायचे. तळाचा हा फुगवटा नांगरासारखा धरून ठेवतो. साधारण साडेतीन मीटर खाली ऋतूप्रमाणे होणारी हालचाल नगण्य होते, म्हणून पाइल तिथवर न्यायचे. वरची तुळई जमिनीपासून निदान ८० मिलिमीटर अधांतरी ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी ती तुळईला ढकलणार नाही. याचे भारतीय मानक १९७३ मध्ये निघाले आणि १९८० मध्ये सुधारले. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देऊन काळ्या मातीला दाबून ठेवण्याची पद्धत काढली. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यावर ती वापरली गेली. म्हणजे १९८० पर्यंत उत्तर तयार होते, छापलेले होते आणि स्वस्तही होते.

नेमक्या याच काळात आपण वाडे सोडून कॉलन्यांत आलो. कालपर्यंत जिथे गहू होता तिथे प्लॉट पडले. लाकूड परवडेनासे झाले, विटा आणि सिमेंट आले, आणि भिंती ताठ झाल्या. पाया साडेतीन-चार फुटांवर थांबू लागला, कारण मजुरी फुटावर होती. दुसरा बदल पाण्याचा. १९७० च्या नर्मदा आंदोलनात आपल्यापैकी अनेकांचे वडील-काका होते, आणि १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी शहरात आले. पूर्वी न्हाणी परसात असे आणि पाणी घागरीने मोजून येई. आता नळ, न्हाणीघर, संडास घराच्या मध्यात आले, पाइप जमिनीखाली गेले, आणि ते कुठे झिरपतात हे दिसेनासे झाले. घराचा मध्य बारमाही ओला आणि कडा उन्हाळ्यात कोरड्या, हे दृश्य या मातीने आपल्याकडे आधी पाहिले नव्हते.

आमचे घर १९८८ चे. नकाशा ड्राफ्ट्समनने काढला, बाकी सारे ठेकेदाराने ठरवले. स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणजे पूल आणि मिलची चिमणी बांधणारा माणूस, अशी बाबांची समजूत होती, आणि त्या काळी कुणाची नव्हती? पुढे डिप्लोमा करताना मी अंडर-रीम्ड पाइल शिकून घरी आलो आणि जेवताना बाबांना ऐकवले की आपला पाया चुकला आहे. ते म्हणाले, "मग आता घर उचलून धरतोस का?" मी गप्प बसलो.

२०१३ च्या उन्हाळ्यात मागच्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली, वर रुंद आणि खाली निमुळती. त्याआधी ती दोनदा भरून झाली होती. मी पाहून निदान केले की मागचा कोपरा खचतो आहे. ठेकेदाराने लगेच मान डोलावली आणि त्या कोपऱ्याखाली नवा पाया घालण्याचा सव्वादोन लाखांचा अंदाज दिला. पैसे द्यायच्या आदल्या आठवड्यात एका सहकाऱ्याच्या आग्रहाने आम्ही एका निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावले. त्यांनी भेग पाहिली आणि मला विचारले, "कोपरा खाली गेला की घराचा मध्य वर आला? भेग दोन्हींत अशीच दिसते."

हा प्रश्न मला सुचला नव्हता, हे मान्य करायला मला बरेच दिवस लागले.

त्यांनी ट्यूबलेव्हलने जोत्याची पातळी घेतली, कोपऱ्यालगत खड्डा खणायला लावला आणि दोन ठिकाणची माती तपासायला पाठवली. फुगवट्याची चाचणी फार साधी आहे. चाळलेली कोरडी माती दोन मोजपात्रांत घालायची, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल, आणि दिवसभर ठेवायची. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, त्यामुळे फरक लगेच कळतो. निष्कर्ष असा निघाला की न्हाणीघराचा सांडपाण्याचा पाइप सांध्यात गळत होता, त्यामुळे मध्य वर आला होता. आणि मागच्या निलगिरीची मुळे उन्हाळ्यात कोपऱ्याखालची ओल शोषत होती, त्यामुळे कोपरा बसत होता. मी निलगिरी तोडायला निघालो, तर त्यांनी थांबवले. झाड एकदम गेले की वर्षानुवर्षे कोरडी पडलेली माती पाणी पिऊन फुगेल आणि कोपरा वर ढकलेल. झाड छाटत राहा, पाइप बदला, घराभोवती बाहेर उतार असलेला दीड मीटरचा पक्का पट्टा करा, आणि एक वर्ष भेग भरू नका, फक्त मोजा, असे त्यांनी लिहून दिले. सल्ल्याचे सहा हजार घेतले.

तेव्हापासून भेग दाखवणाऱ्यांना मी सांगतो की इंजिनिअर येईपर्यंत पुट्टी लावू नका, कारण त्याला जे वाचायचे आहे तेच तुम्ही झाकता. भेग कोणत्या महिन्यात प्रथम दिसली, कधी रुंदावते, नळ-ड्रेनेजचे काम कधी झाले, शेजारी बोअर किंवा नवे बांधकाम कधी झाले, हे आठवून लिहून ठेवा. घरातल्या बायकांना हे पुरुषांपेक्षा नेमके आठवते, असा माझा अनुभव आहे. नगर निगमकडे नोंद असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा, फी वेगळी द्या, आणि दुरुस्तीच्या ठेक्यात ज्याचा हिस्सा आहे त्याच्याकडून निदान घेऊ नका. पहिल्याच भेटीत दहा मिनिटांत उपाय सांगणाऱ्याला नम्रपणे चहा पाजा आणि दुसरा शोधा. पावसाळ्यात पाहून गेलेल्याने उन्हाळ्यातही यायला हवे. तसे आधीच ठरवून घ्या. अहवाल लेखी आणि सहीचा हवा. आमच्यासारखे डिप्लोमावाले भेग मोजू शकतात, कामावर उभे राहू शकतात, माल तपासू शकतात. पाया काय असावा हे त्याला ठरवू द्या. नवा प्लॉट घेत असाल तर ही भेट सौद्याआधीच व्हावी.

बाबांनी त्या वर्षी भेगेच्या दोन बाजूंना दोन स्क्रू बसवून दर पौर्णिमेला अंतर मोजायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी फरक चार मिलिमीटरचा होता, तिसऱ्या वर्षापासून तो अर्ध्या मिलिमीटरवर आला. त्यानंतरच आम्ही भेग भरली. ते गेल्यावर वही माझ्या मुलीकडे आली आहे. निलगिरी अजून उभी आहे, दिवाळीनंतर तिचा शेंडा छाटायला माणूस येतो.