मोटारसायकलची पहिली ठिणगी

घाईच्या वेळीं मोटारसायकल चालू होईनाशी झाली, म्हणजे मनुष्य किकवर किक मारीत सुटतो आणि घामाघूम झाल्यावर नशिबाला बोल लावतो. परंतु या बिघाडांत नशिबाचा भाग थोडा व कार्यकारणाचा फार असतो. सिलिंडरमध्यें दाबलेलें पेट्रोल व हवा यांचें मिश्रण नेमक्या क्षणीं पेटविणारी ठिणगी कशी मिळवावी, हा प्रश्न यंत्रज्ञांनीं ज्या पायऱ्यांनीं सोडविला, त्या पायऱ्या ध्यानांत घेतल्या तर आजचा बिघाड शोधणेंहि सोपें जातें.

१८८५ सालीं जर्मनींत कान्स्टाट येथें गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनीं दुचाकीवर पेट्रोलचें इंजिन बसविलें, तेव्हां त्यांत वीज नव्हतीच. ज्योतीनें बाहेरून तापविलेली एक नळी आंतील मिश्रण पेटवीत असे. या रीतींत पेटण्याचा क्षण आपल्या हातीं नसे. त्यामुळें इंजिनाच्या गतीलाहि मर्यादा पडे. फ्रान्समध्यें द दियों-बूतों यांनीं १८९५ च्या सुमारास आपल्या तीनचाकीवर बॅटरी व कॉइल यांचा उपयोग केला. इंजिनाबरोबर फिरणारा उंचवटा विजेचा संपर्क, ज्याला आपले मिस्त्री ‘पॉइंट’ म्हणतात, तो उघडतो; प्रवाह एकाएकीं तुटतो; आणि फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेल्या तत्त्वानुसार कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यांत फार मोठा दाब उत्पन्न होऊन प्लगच्या फटींत ठिणगी पडते. इंजिनाची गति पुष्कळ वाढली खरी. पण त्या गाडीवर बॅटरी पुन्हां भरण्याची सोय नव्हती. बॅटरी उतरली, कीं प्रवास खुंटला!

मग बॅटरीच नको, असा विचार पुढें आला. स्टुटगार्टचे रॉबर्ट बॉश एका जागीं बसविलेल्या इंजिनांसाठीं १८८७ पासून मॅग्नेटो तयार करीत होते. लोहचुंबकाच्या क्षेत्रांत वेटोळें हलवून वीज उत्पन्न करणारें हें यंत्र १८९७ सालीं त्यांनीं फ्रेडरिक सिम्स यांच्या द दियों-बूतों तीनचाकीवर बसवून दाखविलें. १९०२ मध्यें त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला आणि प्लगला लागणारी ठिणगी थेट त्यांतून मिळूं लागली. या जिनसेची मातब्बरी १९१४ च्या युद्धांत कळून आली. ब्रिटनमधील बहुतेक मॅग्नेटो जर्मनीहून येत. तो पुरवठा थांबतांच सैन्याच्या गाड्या व विमानें यांच्यासाठीं तो घरींच घडविण्याची धडपड सुरू झाली. मुठीएवढ्या यंत्रासाठीं एवढें साम्राज्य अडून बसलें!

मॅग्नेटोचा दोष मात्र त्याच्या स्वभावांतच होता. त्याची ठिणगी गतीवर अवलंबून. म्हणजे इंजिन चालू करतांना, जेव्हां तिची गरज अधिक, तेव्हांच ती सर्वांत अशक्त. बॅटरीचें याच्या उलट. ती मंद गतीलाहि भरपूर ठिणगी देते, पण ती स्वतः उतरली, कीं कांहींच देत नाहीं. पुढें गाडीवरच बॅटरी भरण्याची सोय झाल्यावर बॅटरीचा पक्ष बळावला.

त्यांतूनच विजेनें इंजिन फिरविण्याची हौस निर्माण झाली. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांचा स्टार्टर यशस्वी ठरला. १९१४ सालीं अमेरिकेंतील ‘इंडियन’ कंपनीनें ‘हेंडी स्पेशल’ या मोटारसायकलवर तसाच प्रयोग केला. परंतु त्या काळच्या बॅटऱ्यांना तो भार पेलला नाहीं आणि वर्षभरांतच ती गाडी मागें घ्यावी लागली. १९६९ सालीं होंडाची ‘सीबी ७५०’ विजेच्या स्टार्टरसह आली, त्यानंतर मोठ्या मोटारसायकलींवर ही सोय रूढ होत गेली.

आपल्याकडे १९५५ पासून मद्रासेस तयार होऊं लागलेल्या ‘बुलेट’नें लोकांना वेगळाच धडा दिला. तिच्या दिव्याजवळील अँमीटरचा कांटा पॉइंट मिटले असतां वजा बाजूस झुके व उघडतांच मध्यावर येई. जाणता चालक किक हळू दाबून त्या कांट्यावरून दट्ट्याची जागा ओळखी, आणि मगच जोराची किक मारी. कांटा मुळींच हलला नाहीं, तर वीज पॉइंटपर्यंत पोंचत नाहीं किंवा पॉइंट मळले आहेत; तो सदैव वजाकडेच राहिला, तर पॉइंट उघडत नाहींत अथवा तार कोठें तरी गाडीच्या अंगास टेकली आहे. पहिली किक मारण्यापूर्वींच एवढें निदान होई!

पुढें पॉइंट गेले, त्यांच्या जागीं इलेक्ट्रॉनिक मंडल आलें. तरी शोधाचा क्रम तोच आहे: प्रथम वीज, मग तिची वाट, शेवटीं ठिणगी. सेल्फचें बटण दाबतांच नुसता ‘टक्’ आवाज आला, तर बहुधा बॅटरी अशक्त किंवा तिचे जोड सैल अथवा गंजलेले असतात. भरलेली बारा व्होल्टची बॅटरी विसाव्यास सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. आवाजच नसेल, तर फ्यूज, इंजिन बंद करण्याचें बटण, क्लचचा व बाजूच्या स्टँडचा स्विच पाहावा. इंजिन फिरतें पण पेटत नाहीं, अशा वेळींहि बॅटरीवर लक्ष असावें. कारण दुबळ्या बॅटरीची बहुतेक शक्ति स्टार्टरच गिळतो व ठिणगीच्या वांट्यास फारसें कांहीं उरत नाहीं. १९१४ सालची ती जुनी अडचण अशी आजहि आपल्या दारांत उभी राहते.

सारांश, किकला जोर लागतो, पण निदानाला क्रम लागतो. नव्या सोयीनें जुना दोष घालविला, कीं ती आपला एक दोष बरोबर आणते. तो कोठें बसला आहे हें इतिहास सांगतो. तेवढें ठाऊक असलें, म्हणजे मिस्त्रीकडे गाडी ढकलीत नेण्यापूर्वीं मनुष्य निदान पांच मिनिटें शांतपणें विचार करील, आणि पुष्कळदां तेवढ्यानेंच काम भागेल.