हैदोस आणि हॉब्सन-जॉब्सन

उचगावात राहून आम्ही उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. एकदा वर्गात ‘हैदोस’ हा शब्द आला. ‘माकडांनी बागेत हैदोस घातला’ असे वाक्य मुलांनी लगेच तयार केले. पण हा शब्द आला कुठून, असे एका मुलाने विचारले आणि आम्ही निरुत्तर झालो. घरी येऊन शोध घेतला. मराठी कोशकार या शब्दाची नाळ मोहरमातल्या ताबुतांपुढे नाचणाऱ्यांच्या आरोळीशी जोडतात. आरोळी मोहरमची, आणि अर्थ उरला धिंगाण्याचा!

हे एकट्या मराठीतच घडले असे नाही. इंग्रजीत ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा एक चमत्कारिक शब्द आहे. हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांच्या बोलीत त्याचा अर्थ होता सणावारातला जल्लोष, गलबला, तमाशा. मूळ मात्र मातमाचे. मोहरमच्या मिरवणुकीत छाती पिटून ‘या हसन! या हुसैन!’ असा आक्रोश होई. परक्या कानांनी त्याचे आधी ‘हुसेन-गोसेन’, मग ‘हॉसी-गॉसी’ केले आणि शेवटी हॉब्सन व जॉब्सन ही दोन अस्सल इंग्रजी आडनावे त्याला चिकटवली. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानी वळणाच्या इंग्रजी शब्दांचा जाडजूड कोश तयार केला. तो 1886 साली लंडनला छापला गेला, तेव्हा त्याला हेच नाव दिले होते. बर्नेल 1882 मध्येच वारले होते. पुढे 1903 साली विल्यम क्रुक यांनी कोशाची सुधारित आवृत्ती काढली. परका शब्द आपल्या ओळखीच्या शब्दांच्या साच्यात बसवण्याच्या रीतीलाही इंग्रजीत हॉब्सन-जॉब्सनचेच नाव मिळाले.

हिजरी 61, म्हणजे इ. स. 680. कर्बलाच्या मैदानात हजरत इमाम हुसैन तहानेने व्याकूळ अशा मूठभर साथीदारांसह शहीद झाले. त्या आठवणीतून उठलेली हाक पुढे करमणुकीचा शब्द ठरावी, याचे वाईट वाटते.

पण दोष साहेबाच्या कानालाच द्यायचा का? आमच्या कोल्हापूर भागात मोहरम एकट्या मुसलमानांचा नाही. हिंदू घरांतूनही पंजे बसतात, चोंगे होतात, मलिदा वाटला जातो. म्हणजे मराठी माणूस ही हाक लांबून ऐकत नव्हता, तो मिरवणुकीतच होता. तरीही त्याच्या भाषेत हैदोस आला. कारण ढोल-ताशा सर्वांना ऐकू गेला, कर्बलाची हकिकत मात्र सांगायची राहून गेली. ताबूत काढावेत की नाहीत, यावर आपल्यात मतभेद आहेत. शहादतीच्या मोलाबद्दल मात्र नाहीत.

शब्दाचा अर्थ आता परत फिरवता येणार नाही. ‘हैदोस’ आम्ही आजही शिकवतो. फरक एवढाच, की त्या दिवशी फळ्यावर आधी ‘कर्बला’ लिहितो.