गवत कापणाऱ्या ‘सायथ’चे पुनरागमन

युरोपीय चित्रकलेत मृत्यूला एक ठरलेले रूप आहे. डोक्यावरून ओढलेला काळा झगा, आत हाडांचा सांगाडा आणि हातात लांब दांड्याला बसवलेले, चंद्रकोरीसारखे वाकडे पाते. या हत्याराचे नाव ‘सायथ’. मराठी वाचकाची त्याच्याशी ओळख बहुधा अशा चित्रांपुरतीच असते. युरोपातील शेतकऱ्याच्या घरी मात्र ते शतकानुशतके नित्याच्या वापरात होते. हिवाळ्यात बर्फ पडल्यावर गोठ्यातील गुरांपुढे टाकायला वैरण असेल की नाही, हे उन्हाळ्यात त्याच्या धारेवर ठरत असे. विसाव्या शतकात यंत्रांनी त्याला अडगळीत टाकले. त्याच शतकाच्या अखेरीपासून ते पुन्हा अडगळीतून बाहेर येऊ लागले असून, त्यामागे केवळ जुन्याची हौस नाही.

विळा आणि सायथ

आपल्याकडचा विळा एका हाताने चालतो. डाव्या हातात गवताची मूठ धरायची आणि खाली बसून किंवा कमरेत वाकून उजव्या हाताने ती कापायची, ही त्याची रीत. सायथला दोन्ही हात लागतात आणि कापणारा उभा असतो. लांब लाकडी दांडा, त्यावर दोन मुठी आणि खालच्या टोकाशी जवळजवळ काटकोनात बसवलेले ६० ते ९० सेंटिमीटर लांबीचे पोलादी पाते, अशी त्याची रचना असते. हलक्या बनावटीच्या संपूर्ण सायथचे वजन साधारण २ किलो भरते.

पाते जमिनीलगत उजवीकडून डावीकडे अर्धवर्तुळात फिरवले जाते. कुऱ्हाडीसारखा घाव घातला, तर गवत नुसते आडवे होते. सुरीने फळ चिरावे तसे पाते गवताच्या बुडख्यातून सरकावे लागते. त्यासाठी लागणारा जोर दंडातून येत नाही, तो कमरेच्या फिरण्यातून येतो. प्रत्येक फेऱ्याबरोबर कापलेले गवत डाव्या अंगाला आपोआप ओळीने पडत जाते आणि कापणारा अर्धे पाऊल पुढे सरकतो. दवाने भिजलेले गवत सहज कापले जाते, म्हणून कापणारे भल्या पहाटे कुरणात उतरत आणि ऊन चढले की थांबत. पडलेले गवत उलटून पालटून वाळवणे हे दुपारचे काम.

हे हत्यार माणसाच्या मापाने बेतावे लागते. दांडा उभा धरला असता खालची मूठ खुब्याच्या उंचीवर यावी आणि तिथून कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या, म्हणजे एका हाताच्या अंतरावर वरची मूठ असावी, असा जुना ठोकताळा आहे. दुसऱ्याच्या मापाची सायथ वापरणाऱ्याची पाठ संध्याकाळपर्यंत भरून येते. या हत्याराची कष्टाचे हत्यार म्हणून जी ख्याती झाली, तिचे एक कारण चुकीचे माप आणि दुसरे बोथट धार.

धारेचे शास्त्र

ऑस्ट्रियन पद्धतीच्या पात्याला धार दोन टप्प्यांत येते. पहिला टप्पा हातोडीचा. छोट्या ऐरणीवर पात्याची कड ठोकून ठोकून कागदासारखी पातळ केली जाते. जर्मन भाषेत या क्रियेला ‘डेंगेलन’ म्हणतात. काही तास कापणी झाली की ती पुन्हा करावी लागते. दुसरा टप्पा दगडाचा. कापणारा कमरेला पाण्याची लहानशी नळकांडी बांधतो. पूर्वी त्यासाठी गाईचे शिंग वापरत. तिच्यात बुडवलेला ओला दगड दर पाच-दहा मिनिटांनी पात्यावरून फिरवला, की धार पुन्हा लागते. विळा-कोयता पाजवून आणण्याची रीत महाराष्ट्रातील शेतकऱ्यालाही परकी नाही. फरक एवढाच, की सायथवाल्याला लोहाराची वाट पाहता येत नाही. हे काम त्याला स्वतः शिकावे लागते.

पीटर ब्रूगेल या चित्रकाराने १५६५ मध्ये रंगवलेल्या गवतकापणीच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात एक माणूस बसून आपल्या सायथची कड हातोडीने ठोकताना दिसतो. आज ऑस्ट्रियाच्या खेड्यात हेच काम करणाऱ्याची बैठक फारशी वेगळी नसते.

रोमपासून यंत्रयुगापर्यंत

सायथ किती जुनी, याचा एक पुरावा पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याच्या ग्रंथात सापडतो. इटलीतील आखूड पात्याची सायथ आणि गॉल प्रांतातील, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरातील, मोठ्या पात्याची श्रम वाचवणारी सायथ, असे दोन प्रकार त्याने नोंदवले आहेत. तेल लावून वापरायचे आणि पाणी लावून वापरायचे धारेचे दगड कोणते, हेही तो सांगतो.

मध्ययुगात हे हत्यार उत्तर आणि मध्य युरोपच्या जीवनाशी इतके एकरूप झाले, की कालमापन आणि भूमापनही त्याच्या कामावरून होऊ लागले. फिनलंडच्या भाषेत जुलै महिन्याचे नाव आजही ‘गवताचा महिना’ असे आहे. फ्रान्समध्ये एका माणसाने एका दिवसात कापायच्या कुरणाला ‘फोशे’ म्हणत आणि ते जमिनीचे मापच ठरले होते. ऑस्ट्रियात सोळाव्या शतकापासून पाणचक्कीवर चालणाऱ्या घणांनी पाती घडवण्याचा उद्योग भरभराटीला आला. मिशेलडॉर्फ, शार्नश्टाइन यांसारख्या गावांतील लोहारांची पाती रशियापर्यंत जात. आज या दोन्ही गावांत त्या उद्योगाची संग्रहालये आहेत.

या हत्याराने समाजात उलथापालथही घडवली. धान्याची कापणी विळ्याने होत असे, तेव्हा इंग्लंडच्या शेतांत स्त्री-पुरुष बरोबरीने राबत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गव्हासाठीही सायथ वापरात येऊ लागली. ती पुरुषांचे अवजार मानली जाई. त्यामुळे कापणीची चांगल्या मजुरीची कामे पुरुषांकडे गेली आणि स्त्रियांच्या वाट्याला मागाहून पेंढ्या बांधण्याचे काम उरले. पोलंडमध्ये तर १७९४ च्या उठावात शेतकऱ्यांनी पाती दांड्यावर सरळ बसवून त्यांचे भाले केले आणि कोशच्युश्को याच्या नेतृत्वाखाली रात्स्लावित्से येथे रशियन तोफांवर चाल केली.

सायथच्या उतरणीची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. कापडावरील लव छाटणारे यंत्र पाहून एडविन बडिंग याला हिरवळ कापणाऱ्या यंत्राची कल्पना सुचली आणि १८३० मध्ये त्याने त्याचे पेटंट घेतले. पाठोपाठ अमेरिकेत सायरस मॅककॉर्मिक याच्या पीककापणी यंत्राला १८३४ मध्ये पेटंट मिळाले. पुढे घोड्यांनी ओढायची कापणी यंत्रे आली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टरने उरलेले काम संपवले. बागेच्या कोपऱ्यातील, कुंपणालगतचे गवत तेवढे सायथसाठी शिल्लक होते. १९७१ मध्ये ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस याने मोटार धुणाऱ्या यंत्राचे फिरते ब्रश पाहून नायलॉनच्या दोरीने गवत तोडणारे यंत्र बनवले आणि तेही क्षेत्र तिच्या हातून गेले.

पुन्हा हातात

परतीचा प्रवास पुस्तकातून सुरू झाला. अमेरिकेत १९८१ मध्ये डेव्हिड ट्रेसमर यांचे ‘द सायथ बुक’ प्रसिद्ध झाले. त्याच्या २००१ च्या आवृत्तीला कॅनडातील शेतकरी पीटर विडो यांनी पाते, दांडा आणि धार यांविषयी सविस्तर पुरवणी जोडली. ब्रिटनमध्ये सायमन फेअरली यांनी ऑस्ट्रियन बनावटीच्या सायथ आणून विकण्यास आणि त्या चालवण्याचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. तिथे जड इंग्रजी सायथची आठवण असलेल्यांना हलकी, ठोकून धार लावायची सायथ नवीच होती. पुढे ब्रिटन आणि आयर्लंडमधील सायथप्रेमींची संघटना उभी राहिली आणि सॉमरसेटमध्ये सायथची जत्रा भरू लागली. सायथ विरुद्ध नायलॉन दोरीचे यंत्र अशी शर्यत हे तिचे मोठे आकर्षण ठरले. हातात कसब असलेला माणूस अशा शर्यतीत यंत्राला सहज मागे टाकतो.

ज्या प्रदेशांत हे हत्यार कधी पूर्ण विसरले गेले नव्हते, तिथे त्याला प्रतिष्ठा मिळू लागली. स्पेनमधील बास्क प्रांतात गवत कापण्याच्या पैजा लागतात. बोस्निया-हर्जेगोविनातील कुप्रेस येथे दरवर्षी जुलै महिन्यात गवतकापणीची स्पर्धा होते. कोणी किती वेळात, किती आणि कसे कापले, यावर तिथे विजेता ठरतो. युनेस्कोने २०२० मध्ये या प्रथेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

प्रश्न कुरणांचा

या पुनरागमनातील सर्वांत गंभीर बाजू जैवविविधतेची आहे. युरोपातील फुलांनी भरलेली कुरणे माणसाने कापल्यामुळे टिकली आहेत. वर्षातून एकदा, बहुतेक फुलांचे बी पडल्यावर गवत कापायचे आणि वाळवून उचलून न्यायचे, हा क्रम शतकानुशतके चालला. दरवर्षी गवत उचलले गेल्याने माती फार सकस होत नाही, जोरकस गवताची दादागिरी चालत नाही आणि नाजूक वनस्पतींना जागा मिळते. रुमानियातील अशाच एका कापणीच्या कुरणात अवघ्या १० चौरस मीटर जागेत वनस्पतींच्या ९८ जाती आढळल्या. एवढ्या क्षेत्रफळासाठीचा तो जागतिक विक्रम असल्याचे २०१२ मधील एका शास्त्रीय लेखात नमूद आहे. याउलट इंग्लंड आणि वेल्समध्ये खते, नांगरट आणि लवकर कापल्या जाणाऱ्या मुरघासामुळे १९३० च्या दशकानंतरच्या पन्नास वर्षांत ९७ टक्के फुलांची कुरणे नाहीशी झाली.

यंत्राचा वेगही घातक ठरला. उंच गवतात घरटे करणारा कॉर्नक्रेक हा पक्षी ब्रिटन व आयर्लंडच्या बहुतेक भागांतून दिसेनासा झाला. यंत्राने लवकर आणि झपाट्याने होणारी कापणी हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. सायथवाला पावलापावलाने पुढे सरकतो. पिलांना, सशांना, बेडकांना बाजूला व्हायला अवधी मिळतो आणि समोर घरटे दिसले तर तेवढा तुकडा सोडून देता येतो.

शहरी बागांत निराळी कारणे पुढे येतात. दोन झटक्यांच्या पेट्रोल इंजिनाचा धूर आणि कर्कश आवाज हे पहिले कारण. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये कायदा करून बागकामाच्या अशा नव्या इंजिनांच्या विक्रीवर २०२४ पासून बंदी आणण्याचे ठरवले. झिजणाऱ्या नायलॉन दोरीचे कण मातीत मिसळतात, हे दुसरे. सायथला इंधन लागत नाही आणि ती चालवताना कानात बोळे घालावे लागत नाहीत.

मर्यादाही आहेत

सायथ म्हणजे सर्व प्रश्नांचे उत्तर, असे तिचे जाणकारही म्हणत नाहीत. दगडगोट्यांच्या जमिनीवर पात्याची नाजूक कड चटकन दुमडते. झुडपांसाठी आखूड व जाड पाते वेगळे ठेवावे लागते. कुशल माणूस दिवसभरात सुमारे एक एकर गवत कापतो, ही जुनी इंग्रजी अपेक्षा होती. ट्रॅक्टर तेवढेच काम तासाभरात आटोपतो. पन्नास गाईंचा गोठा चालवणाऱ्याला सायथ परवडणार नाही. तीव्र उताराचे डोंगर, फळबागा, ओढ्याकाठ, दफनभूमी आणि लहान कुरणे हे तिचे खरे क्षेत्र, आणि तिथे मोठे यंत्र नीट पोचतही नाही.

खरी अडचण कसबाची आहे. पाते विकत मिळते. ते ठोकून धार आणण्याची हातोटी विकत मिळत नाही. पूर्वी मुलगा बापाच्या शेजारी बसून ती शिकत असे. कार्पेथियन डोंगरांतील खेड्यांतून तरुण शहरांकडे आणि परदेशी निघून गेले, तशी ही साखळी तुटत चालली आहे. कापणारे हात थांबले, की त्या कुरणांत आधी उंच गवत माजते, मग झुडपे येतात आणि काही वर्षांत तिथे रान होते. पश्चिमेकडच्या शहरांतील हौशी मंडळी दोन दिवसांच्या वर्गात सायथ धरायला शिकत आहेत, त्याच काळात पूर्वेकडच्या डोंगरांत ती जन्मभर चालवलेले म्हातारे एकेक करून कमी होत आहेत. अठ्ठ्याण्णव वनस्पतींचे ते कुरण दोहोंपैकी कोणाच्या हातांनी कापले जाणार, यावर त्याचे पुढचे आयुष्य अवलंबून राहील.